नामकरण, व्यक्तींचे (नंदुरबार जिल्हा)

व्यक्तीला नाव मिळण्याची रीत. ही नोंद मुख्यतः नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा व आसपासच्या आदिवासी आणि अहिराणी बोलणाऱ्या समाजांपुरती आहे. उर्वरित महाराष्ट्र तुलनेपुरता आला आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के असून भिल्ल, पावरा, गावित (मावची) व कोकणी या जमाती प्रमुख आहेत. गुजरातची हद्द जवळ असल्याने भिली बोली, अहिराणी, गुजराती आणि मराठी एकाच बाजारात कानी पडतात. धानोरा नावाची गावे महाराष्ट्रात अनेक असून गडचिरोली जिल्ह्यात त्या नावाचा तालुकाच आहे. ग्रामनामाचा संबंध ‘धान’ या शब्दाशी लावतात.

शास्त्रोक्त रीत : नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक. मनुस्मृतीत तो दहाव्या किंवा बाराव्या दिवशी सांगितला आहे. गृह्यसूत्रांनी मुलाच्या नावाची अक्षरे सम आणि मुलीच्या नावाची विषम असावीत, असा दंडक घातला. पंचांगातील अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना एकेक अक्षर दिलेले असते. अशी एकूण १०८ अक्षरे होतात. अश्विनीची चू, चे, चो, ला. या अक्षरावरचे नाव बहुधा पत्रिकेतच राहते आणि हाक वेगळ्याच नावाने मारली जाते. बारशाचा पाळणा, आत्याने बाळाच्या कानात केलेले ‘कुर्र’, तिच्या पाठीत बसणारे धपाटे आणि घुगऱ्या हे सर्वपरिचित आहे.

वारनामे : प्रस्तुत परिसराच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा. मूल ज्या वारी जन्मले त्या वाराचे नाव त्याला देणे ही भिल्ल व इतर आदिवासी समाजांतील जुनी रीत आहे. रविवारचा दित्या (आदित्यवारावरून), सोमवारचा सोम्या, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारचा बुध्या, शुक्रवारचा शुक्र्या, शनिवारचा शन्या. मुलींची सोमी, मंगळी, बुधी, शुक्री. नावे मोजकीच असल्याने एका पाड्यावर दोन-तीन मंगळ्या सहज निघतात. मग बापाचे नाव जोडायचे : बुध्याचा मंगळ्या, दित्याचा मंगळ्या. वारावरून न जमले तर सण पुरतो. होळीच्या दिवसांत जन्मलेला होळ्या, दिवाळीतली दिवाळी. गुजरातेतील लोकगायिका दिवाळीबेन भील (पद्मश्री, १९९०) यांच्या नावात सण आणि जमात दोन्ही आहेत. आडनावाच्या जागी जमातीचे नाव येण्याची चर्चा पुढे केली आहे.

अशा नावाला मुहूर्त लागत नाही, भटजी लागत नाही. घरात जन्मतारीख कोणी लिहून ठेवलेली नसते, पण वार मात्र नावातच टिकून असतो. पन्नाशीच्या शुक्र्याला वय विचारले तर तो अंदाजे सांगेल. जन्म शुक्रवारचा, हे मात्र त्याला विचारावेही लागणार नाही.

‘-या’ हा शेवट : मराठीत नावाला ‘-या’ लावला की सलगी होते किंवा हेटाळणी, मधला मार्ग नाही. बोलीत तसे नसते. तिथे तो साधा पुल्लिंगी शेवट असतो. मराठी लेखणीने मात्र तो तसाच उचलला आणि त्यातली सलगी किंवा हेटाळणीही सोबत नेली. खाज्या नाईक, तंट्या भिल्ल, चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी हुतात्मा झालेला नाग्या कातकरी ही नावे इतिहासात अशीच नोंदली गेली. त्याच काळातील इतर पुढाऱ्यांना ‘राव’ आणि ‘पंत’ मिळाले. तंट्याच्या मूळ नावाविषयी एकमत नाही. ‘सोम्या-गोम्या’ हा मराठीतला वाक्प्रचार तर सोमवारी जन्मलेल्या माणसाला थेट ‘कोणीही ऐरागैरा’ करून टाकतो. कोशकारांनी त्याची नोंद घेतली, पण ज्याचे नाव खरोखरच सोम्या आहे त्याला ते कसे ऐकू येत असेल याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

१९३०-४० च्या दशकात तळोदा भागात गुलाम महाराजांची आरतीची चळवळ उभी राहिली. दारू सोडणे, स्नान, आरती यांबरोबर एकमेकांना ‘आप’ म्हणण्याचा आग्रह तीत होता. चळवळीच्या धार्मिक बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हाक मारण्याच्या रीतीत तिने केलेला बदल प्रस्तुत लेखकाला अधिक मोलाचा वाटतो. पुढे ‘सिंग’ या शेवटाची नावे वाढली. शहादा परिसरातील १९७० च्या दशकातील आदिवासी चळवळीचे नेते अंबरसिंग सुरतवंती, नवापूरचे माजी आमदार सुरूपसिंग नाईक ही ठळक उदाहरणे. यामागे राजपुतांचे अनुकरण होते की बरोबरीचा दावा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

दृष्ट टाळणारी नावे : खानदेशात सुपडू, उखा, उखर्डू, भिका, दगडू, धोंडू, फकिरा ही नावे जुन्या पिढीत सर्रास आढळतात. आधीची मुले दगावली असतील तर नवे मूल ‘नकोसे’ दाखवून वाचवायचे, ही त्यामागची समजूत. बाळाला सुपात घालून उंबऱ्याबाहेर किंवा उकिरड्याच्या कडेला ठेवतात. शेजारीण ते उचलते आणि मूठभर धान्याच्या किंवा एखाद्या नाण्याच्या मोबदल्यात आईला ‘विकते’. सुपातला तो सुपडू, उकिरड्यावरचा उखर्डू, भीक मागून आणलेला भिका. मुलींत सुपडाबाई. दगडू मारुती पवार यांनी दया पवार या नावाने ‘बलुतं’ (१९७८) लिहिले. त्या पुस्तकात दगडू हा जणू वेगळा माणूस म्हणून समोर बसतो. महर्षी कर्वे यांचे ‘धोंडो’ हे नावही याच वर्गातले. म्हणजे ही रीत एका जातीची नाही. बालमृत्यू सर्वांच्याच घरी होते.

याच्या अगदी उलट ‘नकुशा’, ‘नकोशी’ ही नावे. सुपडूला नकोसा म्हणायचे ते तो हवा असतो म्हणून. नकुशा खरोखरच नको असते, पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून हे नाव. दोन्हींना एका वर्गात घालणारे लेखक चूक करतात. सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी २८५ मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली.

नवसाची नावे : शहाजी व शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसावरून, तर शिवाजी हे शिवनेरीच्या शिवाईवरून ठेवल्याची परंपरा आहे.

हजेरीपटावरील नाव : शाळेत दाखल होताना मूल दुसऱ्यांदा नाव घेते. टेबलाशी गुरुजी, समोर बाप, बापाच्या धोतराआड मूल. गुरुजी विचारतात, नाव काय? बाप सांगतो, बुध्या. गुरुजींना ते नाव वाटत नाही. ते ‘बुधा’ लिहितात, नाहीतर सरळ ‘सुनील’ किंवा ‘दिलीप’. जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तिथे १ जून. महाराष्ट्रात एका विशिष्ट वयापुढच्या असंख्य लोकांचा वाढदिवस याच दिवशी येतो, तो या टेबलामुळे. यात गुरुजींचा दुष्टावा नव्हता, उलट बहुधा माया होती. मात्र ज्या नावात वार होता ते पुसले गेले आणि त्या जागी काल्पनिक तारीख आली. घरी बुध्या, दाखल्यावर सुनील, अशी दोन नावे मग आयुष्यभर चालतात.

शाळेच्या रजिस्टरातील नावाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण साताऱ्याचे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील शाळेत बाबासाहेब आंबेडकरांची ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. रजिस्टरातील क्रमांक १९१४. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. आंबडवेकरचे आंबेडकर कधी व कोणामुळे झाले, याविषयी वेगवेगळी मते आहेत. राज्यात ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

आडनाव : डोंगरपट्ट्यात आडनावाची गरज बहुतेक सरकारी रकान्यानेच निर्माण केली. कुळे होती, पण ती लग्नसंबंध ठरवताना विचारात घ्यायची; हाक मारायला नव्हेत. रकाना आला तेव्हा कोणी कुळ सांगितले, कोणी जमात, तर कोणी हुद्दा. पावरा समाजात पटले, खर्डे अशी कुळे असतानाही हजारोंच्या नावापुढे ‘पावरा’ एवढेच लागले. नाईक व तडवी हे मुळात मान व कारभाराचे शब्द. वसावे, पाडवी, वळवी, गावित ही जिल्ह्यात सर्वत्र आढळणारी आडनावे. वसावे हेच आडनाव हद्दीपलीकडे ‘वसावा’ होते आणि गावितचे ‘गामित’. बहीण गुजरातेत दिली की तिच्या मुलांच्या व भावाच्या मुलांच्या कागदांवर जमात एकच, पण अक्षर वेगळे.

हे अक्षर महत्त्वाचे आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्लांच्या नोंदीखाली तडवी भिल्ल, पावरा, वसावा, वसावे ही नावे येतात आणि गामित, गामता, गावित, मावची, पाडवी ही दुसऱ्या एका नोंदीत. म्हणजे इथे आडनावच यादीतले जमातीचे नाव आहे. जात पडताळणीत आजोबांच्या दाखल्यावर ‘भिल’, वडिलांच्या दाखल्यावर ‘वसावे’ आणि अर्जदाराच्या कागदावर तिसरेच काही निघाले तर खुलासा द्यावा लागतो. रोमन लिपीत घोटाळा आणखी वाढतो. वळवी हे एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. देशातील पहिली आधार ओळखपत्रे २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली (ता. शहादा) येथे वाटण्यात आली. तेव्हापासून दोन लिप्यांतील नाव कायमचे एका क्रमांकाला बांधले गेले.

शहीदांची नावे : नंदुरबार शहरात ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात शिरीषकुमार मेहता व त्यांचे चार सोबती हुतात्मा झाले. जिल्ह्यात शिरीष हे नाव आढळते; प्रत्येक शिरीषचा संबंध त्या घटनेशी जोडता येत नाही.

ख्रिस्ती नावे : नवापूर तालुक्यात, बायबलमधील.

लग्नानंतरचे नाव : ताटातील तांदळावर अंगठीने लिहितात, रीत मुळात पांढरपेशा.

आईचे नाव : नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णी व वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही मातृनामे कोरलेली आहेत. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ११ मार्च २०२४ रोजी घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. सातवाहनांचा दाखला या संदर्भात वारंवार दिला जातो. तो सुंदर आहे, पण मधल्या अठराशे वर्षांचा हिशेब कोणी देत नाही.

जन्मनोंद : जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. खेड्यात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) निबंधकाचे काम करतो. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो, तेव्हा नाव ठरलेले नसले तरी चालते. तो रकाना कोरा ठेवून नोंद होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो. त्यामुळे शाळेच्या टेबलावरची १ जून यापुढे चालणार नाही. कोऱ्या रकान्यात पहिल्या वर्षभरात नाव विनाशुल्क भरता येते, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत.