पाया-रूपांतर (संख्यांचे)

एका पायावर लिहिलेली संख्या, तिचे मूल्य तसेच ठेवून, दुसऱ्या पायावर लिहिणे. किती एककांचा गट पुरा झाला की पुढच्या स्थानात एक चढतो, ती संख्या म्हणजे पाया. दशमान पद्धतीचा पाया १०, द्विमानाचा २, अष्टमानाचा ८ आणि षोडशमानाचा १६. आज हा विषय संगणकाच्या पाठ्यपुस्तकात भेटतो. पण संगणक येण्याच्या पुष्कळ आधी महाराष्ट्रातील शेतकरी, वाणी आणि तलाठी रोज पाटीवर पाया बदलत होते. त्यांच्या रीती हा या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग आहे.

रीत : अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाची साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे. ही संख्या पाया ८ वर न्यायची तर तिला ८ ने भागत जावे आणि दर वेळची बाकी बाजूला मांडावी. ११,०३९ ला ८ ने भागून १,३७९, बाकी ७. १,३७९ चे १७२, बाकी ३. १७२ चे २१, बाकी ४. २१ चे २, बाकी ५. २ चे शून्य, बाकी २. बाक्या खालून वर वाचल्या की २५४३७ मिळतात. पहिली बाकी एकक स्थानाची असते. नवशिके नेमके इथे चुकतात आणि संख्या वरून खाली वाचतात.

उलट येताना डावीकडून निघून पायाने गुणावे आणि पुढचा अंक मिळवावा. २ गुणिले ८ अधिक ५ म्हणजे २१. २१ गुणिले ८ अधिक ४ म्हणजे १७२. पुढे १,३७९ आणि शेवटी ११,०३९. जाताना आलेले भागाकारच परतीच्या वाटेवर उलट क्रमाने भेटतात, त्यामुळे चूक कोणत्या पायरीवर झाली तेही कळते. आणखी एक पडताळा आहे. दशमानात अंकांची बेरीज ९ ने तपासतात, तशी पाया ८ वर ती ७ ने तपासावी. २, ५, ४, ३ आणि ७ यांची बेरीज २१ होते. तिला ७ ने भाग जातो, आणि ११,०३९ लाही जातो.

द्विमानासाठी २ ने भागत बसणे लांबते. पाया ८ वरच्या प्रत्येक अंकाचे तीन द्विमान अंक लिहिले की काम होते : १० १०१ १०० ०११ १११. तेच उजवीकडून चार-चारांच्या गटात पाडले की षोडशमान मिळते. तिथे दहा ते पंधरा यांना ए ते एफ ही अक्षरे वापरतात, म्हणून संख्या २बी१एफ अशी होते. गट पाडण्याची ही युक्ती एक पाया दुसऱ्याचा पूर्ण घात असेल तेव्हाच चालते. दहा आणि दोनमध्ये तसे नाते नाही.

निम्मे करत जाण्याची कल्पना भारतात फार जुनी आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात 'नष्ट' नावाची रीत आहे. प्रस्तारातील, म्हणजे लघु-गुरूंच्या सर्व रचनांच्या क्रमवार यादीतील, क्रमांकावरून ती रचना काढण्यासाठी क्रमांक सम असल्यास लघु लिहून निम्मा करायचा. विषम असल्यास गुरू लिहून, एक मिळवून निम्मा करायचा. सहाव्या त्र्यक्षरी गणासाठी लघु, गुरू, लघु येते. तो ज गण.

मिश्र पाया : प्रत्येक स्थानाला वेगळा पाया असला तरी रीत तीच राहते, फक्त भाजक बदलतो. भंडारदऱ्याचा पूर्ण साठा १,००० क्युसेकने (सेकंदाला १,००० घनफूट), नवी आवक नाही असे धरून, सोडला तर १,१०,३९,००० सेकंद लागतील. ६० ने भागून बाकी २०. पुन्हा ६० ने भागून बाकी २३. मग २४ ने भागून बाकी १८ आणि भागाकार १२७. म्हणजे १२७ दिवस, १८ तास, २३ मिनिटे, २० सेकंद.

जमिनीचे मोजमापही असेच आहे : ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. ३ एकर १७ गुंठे ५ आणे जमिनीचे वाटे घालायचे तर आधी सगळे आण्यांत आणावे लागते. ३ गुणिले ४० अधिक १७ म्हणजे १३७. १३७ गुणिले १६ अधिक ५ म्हणजे २,१९७ आणे. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले आणि हा पाया १०० झाला, पण गावात बोलणे अजून गुंठ्यांतच होते.

रुपये-आणे-पैंची मांडणी याहून सुंदर होती. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. जुन्या मराठी जमाखर्चात रुपयांच्या आकड्यापुढे प्रत्येक पावलीसाठी, म्हणजे चार आण्यांसाठी, एक उभी रेघ आणि सुट्या आण्यांसाठी आडव्या किंवा तिरप्या रेघा काढत. अकरा आणे म्हणजे दोन उभ्या रेघा आणि तीन आडव्या : पाया ४ वरचे २३. षोडशमानातला बी हा अंक चारच्या पायावर फोडला तर हेच मिळते. शाळेतल्या पावकी, निमकी, पाऊणकीच्या पाढ्यांमुळे हे हिशेब तोंडी होत.

अपूर्णांक : पूर्णांकाला भागतात, तर अपूर्णांकाला नव्या पायाने गुणून पूर्ण भाग उचलत जातात. ०.६८७५ रुपये घ्या. ४ ने गुणून २.७५, उचलले २; ०.७५ ला ४ ने गुणून ३. पुन्हा दोन पावल्या आणि तीन आणे. इथे हिशेब संपला, पण नेहमी संपतोच असे नाही. पै हा रुपयाचा १९२ वा भाग, आणि १९२ मध्ये ३ हा अवयव असल्याने एका पैची किंमत दशमानात लिहू गेल्यास अंक कधीच थांबत नाहीत. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नये पैसे झाले तेव्हा आणा ६.२५ पैशांचा ठरला. व्यवहारात एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९ आणि चारला २५ नये पैसे धरले गेले. पूर्ण पावलीवर हिशेब तंतोतंत जुळे, मधे मात्र थोडे कमी-जास्त होई.

संगणकातही तीच अडचण आहे. दशमानातला ०.१ द्विमानात ०.०००११००११… असा अखंड चालतो, कारण १० मधला ५ हा अवयव २ मध्ये नाही. म्हणून पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रणालीत रक्कम अपूर्णांक रुपयांत न ठेवता पूर्ण पैशांत ठेवणे सुरक्षित असते.