बट्टा, भत्ता आणि उचल

मंडळी, मघाशी बाहेर चहा घेताना एका गृहस्थांनी मला गाठलं. भोकरदनकडचे होते. म्हणाले, "सर, मुलाला पुण्यात नोकरी लागलीय. तिकडं राहायला महिन्याचा खर्च किती येईल हो?" मी म्हटलं, आज त्याच प्रश्नावर बोलणार आहे, पण आकडा मात्र सांगणार नाही. तो तुमच्या मुलाला माझ्यापेक्षा बरा कळेल. मला सांगायचंय ते एवढंच, की माणूस गाव सोडतो तेव्हा जास्तीचा खर्च होतोच होतो. इतिहासात बघायचं असतं ते हे, की तो खर्च कोणाच्या नावावर मांडला गेला.

आता जालना घ्या. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि त्या राज्याचं नाणं वेगळं होतं. हाली सिक्का. 'हाली' म्हणजे चालू, सध्याचं. पलीकडे इंग्रजी मुलखात चाले तो कलदार रुपया. दोघांचा ठरलेला भाव सात हालीला सहा कलदार. सराफाच्या भाषेत शंभर कलदार म्हणजे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. आमच्या आजोबांना हे पाढ्यासारखं पाठ होतं. माझ्या लहानपणी हाली नाणं व्यवहारातून गेलेलंच होतं, तरी ते एखाद्या मोठ्या रकमेबद्दल विचारायचे, "हाली का कलदार?" (कायद्याने हाली पूर्ण बाद झाला तो 1959 साली. म्हणजे निजामाचं राज्य गेल्यावरसुद्धा अकरा वर्षं त्याचा रुपया जिवंत होता.)

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली. मनमाड ते सिकंदराबाद, आणि मध्ये जालना. त्यामुळे मुंबईकडे जाणं सोपं झालं. पण मनमाड नाशिक जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. तिथं पोचेपर्यंत राज्य बदललेलं असे. व्यापारी मालाला करोडगिरीचं नाकं होतं, आणि खिशातल्या पैशाला नाकं नसलं तरी सराफ होता. दहा रुपये हाली घेऊन निघालेल्या माणसाला पलीकडे साडेआठाच्या जरा वर कलदार मिळत, आणि त्यातून सराफाचा बट्टा जाई तो वेगळा. कामाला हात लागायच्या आधीच गाठीची पुंजी आटलेली!

उलट दिशेला गंमत व्हायची. मुंबईहून घरी दहा कलदार आले की इकडे ते साडेअकराच्या वर हाली होत. गावाला वाटे, पोरगा भरपूर कमावतोय. जाताना आटणारा आणि येताना फुगणारा रुपया. 'मुंबईत पैसा आहे' ही जी आपल्याकडची समजूत, तिच्यात थोडा वाटा या सातास-सहाचाही असावा, असं मला वाटतं. तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून एक जोडतो. ॲरिस्टॉटल सांगतो की नाण्याला ग्रीकमध्ये 'नोमिस्मा' म्हणतात, कारण ते 'नोमोस'ने, म्हणजे रूढीने आणि कायद्याने चालतं, निसर्गाने नाही. आपल्याकडे हे समजायला ॲरिस्टॉटल लागत नव्हता, मनमाडचं तिकीट पुरे होतं.

बट्टा शब्दावर थोडं थांबू. नाणं बदलताना होणारी घट म्हणजे बट्टा. नावाला लागतो तोही बट्टाच. आणि भत्ता म्हणजे पगारावर मिळणारी जास्तीची रक्कम. शब्द वेगळे, अर्थ जवळजवळ उलटे. एक कापतो, दुसरा देतो. पण कंपनी सरकारच्या कागदपत्रांत दोन्ही एकाच स्पेलिंगने लिहिलेले सापडतात, त्यामुळे वाचणाऱ्याची त्रेधा उडते. जालन्याला 1827 साली छावणी उभी राहिली, ती 1903 पर्यंत होती. त्या काळच्या लष्करात भत्ता ही जिव्हाळ्याची गोष्ट. पलटण घरापासून लांब नेली, तर तिथं धान्य महाग, बिऱ्हाड दोन ठिकाणी, म्हणून पगारावर भत्ता. बेंटिंकने 1828 मध्ये बंगालमधल्या काही ठाण्यांवरच्या अधिकाऱ्यांचा भत्ता निम्मा केला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या साम्राज्यालाही मान्य होतं, की माणूस हलवायचा तर त्याचा खर्च हलवणाऱ्याने सोसायचा. निदान बंदूकवाल्या माणसाचा तरी.

गिरण्यांच्या मुंबईत हाच हिशेब वेगळ्या वाटेने आला. 1921 मध्ये मुंबई सरकारने कामगार कचेरी काढली आणि कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. फिंडले शिरास यांनी कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. त्यात कुटुंबवाल्यांचे हिशेब वेगळे आणि एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे वेगळे ठेवले, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. एकटा माणूस खानावळीत जेवतो आणि उरलेलं गावी पाठवतो. त्याची एक चूल मुंबईत, एक गावात. दोन चुलींचा खर्च एका चुलीच्या दुप्पट नसतो हे खरं, पण एका चुलीइतका तर कधीच नसतो. पुढे महागाई भत्ता निर्देशांकाला जोडला गेला, तो संपांच्या आणि लवादांच्या रेट्यातून.

मी स्वतः याच परंपरेचा लाभार्थी. नोकरीत बदली झाली की घरभाडे भत्ता त्या शहराप्रमाणे बदले. सातव्या वेतन आयोगाने एक्स, वाय, झेड अशा शहरांना मूळ वेतनाच्या 24, 16 आणि 8 टक्क्यांपासून सुरुवात केली. मुंबई-पुणे एक्समध्ये, जालना झेडमध्ये. तक्रारी आम्ही प्राध्यापकांनी पुष्कळ केल्या, माझ्याही आहेत. पण जागा बदलली की खर्च बदलतो, हे मला कुणाला पटवून द्यावं लागलं नाही.

आता अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. दसऱ्याच्या आगेमागे इथल्या गावांत मुकादम फिरतो आणि उचल वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. उचल मिळते ती मागचं देणं, लग्न, आजारपण यांत जाते. गावात मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या चुलीलाही त्यातूनच काढून ठेवावं लागतं. कारखान्यावर कोपी घालायची. किराणा तिथल्या दुकानात उधारीवर. आठवड्याला खर्ची मिळते, तीही उचलीतच धरली जाते. खाडा झाला तर दंड. बैलवाले वाढं विकून थोडं सावरतात. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, चांगलं झालं. पण तो दर टनाचा आहे. हलण्याचा दर त्यात कुठेच नाही.

तो दर एकदा कायद्यात होता, हे फार लोकांना ठाऊक नाही. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा. त्याच्या चौदाव्या कलमात 'विस्थापन भत्ता' होता. कंत्राटदाराने भरतीच्या वेळीच द्यायचा, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा 75 रुपये, यांत जो जास्त असेल तो. मजुरीव्यतिरिक्त द्यायचा आणि परत घ्यायचा नाही. शिवाय पुढच्या कलमात जाण्यायेण्याचं भाडं. हे नीट बघा. मुकादमही भरतीच्या वेळीच पैसे देतो. वेळ तीच, दार तेच, गरज तीच. कायदा म्हणत होता, हे पैसे तुझे. मुकादमाची वही म्हणते, हे पैसे फेड.

आणि मेख अशी, की कायदा फक्त राज्याची हद्द ओलांडणाऱ्याला लागू. परतूरचा कोयता बेळगावला गेला तर कागदावर भत्त्याला पात्र, कोल्हापूरला गेला तर नाही. आजोबांची हद्द मनमाडच्या अलीकडे होती, याची निपाणीच्या अलीकडे! प्रत्यक्षात हा भत्ता हातात पडलेला मजूर मला आजवर भेटलेला नाही. पुढे 2020 च्या कामगार संहितेत हा कायदा विलीन झाला. प्रवासभाडं राहिलं, विस्थापन भत्ता गेला. त्यावर बेंटिंकच्या वेळेसारखा गदारोळ झाल्याचं मी ऐकलं नाही.

रेशनचं मात्र थोडं सुधारलं. 2019 पासून कार्ड दुसऱ्या ठिकाणी चालवायची सोय सुरू झाली. पण एकाच कार्डावर दोन चुली असतात तेव्हा कोणत्या चुलीने धान्य उचलायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

काही वर्षांपूर्वी, हंगाम उलगडल्यावर, परतूरकडच्या एका घरी मी बसलो होतो. बाई दळण निवडत होत्या. मी विचारलं, यंदा किती सुटले? म्हणाल्या, "सुटायचं काय भाऊ, थोडी बाकी निघाली." मग मीच मूर्खासारखं विचारलं, तिकडं सगळं महाग असतं का? त्या म्हणाल्या, "महाग का स्वस्त ते पैसे मोजून देणाऱ्याला कळतं. आमचं वहीत लिहितात."

आता मघाचे भोकरदनचे गृहस्थ बसले असतील तर त्यांना माझी विनंती. मुलाला भाडं किती ते विचाराच, पण नेमणुकीचं पत्र मागवून त्यात सामान हलवायचा खर्च कंपनीच्या नावावर आहे की त्याच्या, तेवढं वाचून घ्या. आणि आपल्या जालन्याच्या स्टील कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशातून पोरं येतात. त्यांच्या खोल्या कोणी भाड्याने दिल्या असतील तर प्रश्नोत्तरांत जरूर बोला, कारण तो हिशेब माझ्यापेक्षा तुमच्याकडे जास्त आहे.