निओस्पोरोसिस (कुत्र्यांमधील)

निओस्पोरा कॅनिनम या एकपेशीय परजीवीमुळे होणारा, मुख्यतः चेतासंस्था व स्नायूंवर आघात करणारा रोग. १९८४ मध्ये नॉर्वेतील पिल्लांत तो प्रथम वर्णिला गेला. तोवर असे रुग्ण टोक्सोप्लाझ्मा या मिळत्याजुळत्या परजीवीचे समजले जात. परजीवीचे नामकरण १९८८ मध्ये झाले.

गाभण मादीकडून संसर्ग वारेतून पिल्लांना होतो. मादी बहुधा धडधाकट दिसते, पण परजीवी तिच्या शरीरात टिकून असतो. म्हणूनच पुढच्या वेतालाही धोका राहतो. परजीवी पेशींत शिरून झपाट्याने वाढतो, पेशी फुटतात आणि मेंदू, मज्जारज्जू, चेतामुळे व स्नायूंत दाह होतो. काही आठवड्यांच्या पिल्लाचे मागचे पाय आधी दुबळे होतात, मग काठीसारखे ताठरतात. स्नायू आखडल्याने गुडघा वाकवताच येत नाही. लुळेपणा पुढे सरकला, की गिळणे आणि श्वास घेणेही अवघड होते. प्रौढ कुत्र्यांत अनेकदा लहान मेंदू बाधित होऊन तोल जातो, डोके थरथरते.

रक्तातील प्रतिपिंडे आणि मस्तिष्कमेरुद्रवाची पीसीआर तपासणी निदानास उपयोगी पडते. क्लिंडामायसिनसारखी औषधे पाय ताठरण्यापूर्वीच सुरू करावीत. आखडलेले पाय सहसा पूर्ववत होत नाहीत. एकाच पिल्लात लक्षणे दिसली, तरी सगळ्या भावंडांवर उपचार करणे शहाणपणाचे.

कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडलेल्या युग्मकपुटीमुळे (परजीवीच्या कवचयुक्त अवस्थेमुळे) गाईंमध्ये गर्भपात होतो. कुत्र्याला संसर्ग बाधित जनावराचे ऊतक खाल्ल्याने होतो. त्यामुळे गोठ्यावरच्या कुत्र्याला कच्चे मांस, गाईची वार किंवा गाभडलेले वासरू खाऊ देऊ नये.