प्रजननात्मक क्लोनिंग

प्रजननात्मक क्लोनिंग म्हणजे नर व मादी युग्मकांच्या मीलनाशिवाय, एकाच सजीवाच्या पेशीपासून अथवा अवयवाच्या तुकड्यापासून, जनुकीयदृष्ट्या त्याच्यासारखाच नवा सजीव निर्माण करण्याची प्रक्रिया होय. अशा नव्या सजीवास 'क्लोन' म्हणतात. वनस्पतींमध्ये ही प्रक्रिया निसर्गतः घडते व शेतीत ती शतकानुशतके वापरात आहे. सस्तन प्राण्यांमध्ये मात्र ती प्रयोगशाळेतच आणि मोठ्या प्रयासाने साधते. महाराष्ट्रात केळी, ऊस, हापूस आंबा व द्राक्षे या महत्त्वाच्या पिकांची लागवड क्लोनवरच आधारलेली आहे.

वनस्पती व प्राणी यांतील फरक

वनस्पतीच्या अनेक जिवंत पेशींमध्ये योग्य पोषण व संप्रेरके मिळाल्यास संपूर्ण रोप घडविण्याची क्षमता टिकून असते. गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये ही कल्पना मांडली. १९५८ मध्ये एफ. सी. स्टुअर्ड यांनी गाजराच्या पेशींपासून रोपे वाढवून ती सिद्ध केली. प्राण्याची त्वचा किंवा स्नायू यांची पेशी एकदा विशिष्ट कामासाठी घडली की तिच्यापासून थेट नवा प्राणी वाढत नाही. तिचे केंद्रक अंडपेशीत ठेवावे लागते.

वनस्पतींतील पद्धती

पारंपरिक पद्धती

उसाची डोळा असलेली कांडी, केळीचे मुनवे, आल्याचे कंद आणि फळझाडांची कलमे ही क्लोनिंगचीच रूपे आहेत. हापूसची कोय लावल्यास मिळणारे झाड मातृवृक्षासारखेच निघेल याची खात्री नसते. म्हणून कोय कलम, पाचर कलम यांसारख्या पद्धतींनी हापूसची अभिवृद्धी करतात.

मुळशीसारख्या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत बांबूच्या बेटातून कंद खणून नवे बेट लावण्याची रीत आहे. या पद्धतीत एक जोखीम असते. अनेक जातींच्या बांबूला काही दशकांतून एकदाच फुलोरा येतो व त्यानंतर बेट मरते. वेगळा लावलेला कंद मूळ बेटाचे वयही सोबत नेतो. त्यामुळे फुलोऱ्याच्या जवळ आलेल्या बेटाचा कंद लावल्यास नवे बेटही थोड्याच वर्षांत फुलून मरते.

ऊतिसंवर्धन

या पद्धतीस शेतकरी 'टिश्यूकल्चर' म्हणतात. तिचे सर्वसाधारण टप्पे असे :

१. निरोगी व भरघोस उत्पन्न देणाऱ्या मातृवृक्षाची निवड.
२. कळी किंवा शेंड्याचा लहान तुकडा घेऊन त्याचे निर्जंतुकीकरण.
३. क्षार, साखर, जीवनसत्त्वे व अगर असलेल्या माध्यमात वाढ. मुराशिगे व स्कूग यांनी १९६२ मध्ये सुचविलेले माध्यम यासाठी सर्वाधिक वापरले जाते.
४. सायटोकायनिनच्या साहाय्याने फुटव्यांची संख्या वाढविणे व ऑक्सिनच्या साहाय्याने मुळे फोडणे.
५. रोपे हरितगृहात व नंतर शेडनेटमध्ये ठेवून बाहेरच्या हवामानास सरावविणे.

महाराष्ट्रातील कार्य

पुण्यातील पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या क्षेत्रात पायाभूत काम केले. १९८० मध्ये तेथील गुप्ता, नाडगीर, मस्कारेन्हस व जगन्नाथन यांनी सागाच्या ऊतिसंवर्धनाची पद्धती प्रसिद्ध केली; तीत १०० वर्षे वयाच्या झाडांच्या कळ्याही वापरल्या होत्या. १९९० मध्ये नाडगौडा, पाराशरामी व मस्कारेन्हस यांनी बांबूच्या रोपांना प्रयोगशाळेतील माध्यमातच फुले व बी आणून दाखविले. ज्या फुलोऱ्यासाठी निसर्गात दशके लागतात, तो काही महिन्यांत मिळाल्याने हे संशोधन 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले व जगभर गाजले.

जळगाव जिल्ह्यात १९९०च्या दशकापासून 'ग्रँड नैन' या केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांचा प्रसार झाला. एकाच वेळी वाढणारी व कापणीस येणारी बाग हा त्यांचा मुख्य लाभ होय. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट उसाचे निरोगी मूलभूत बेणे तयार करण्यासाठी हीच पद्धत वापरते. पॉलिहाऊसमधील जरबेराची रोपेही बहुधा ऊतिसंवर्धित असतात.

प्राण्यांतील पद्धती

प्राण्यांमध्ये मुख्यतः केंद्रक प्रत्यारोपण ही पद्धत वापरतात. अंडपेशीतील केंद्रक काढून तिच्या जागी ज्या प्राण्याचा क्लोन हवा त्याच्या कायिक पेशीचे केंद्रक आणतात. विजेच्या सौम्य धक्क्याने दोन्ही पेशी एकरूप करतात आणि तयार झालेला भ्रूण दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात वाढवितात. तंतुकणिकांमधील डीएनए अंडपेशीकडून येत असल्याने असा क्लोन शंभर टक्के प्रतिकृती नसतो.

जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकावर असा प्रयोग यशस्वी केला. ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत 'डॉली' ही मेंढी जन्मली. प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून जन्मलेली ती पहिली सस्तन प्राणी होय. त्यासाठी २७७ अंडपेशी वापराव्या लागल्या व त्यांतून केवळ एक कोकरू जगले.

भारतात कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने सूक्ष्म पात्याने हातानेच अंडपेशी कापण्याची कमी खर्चाची पद्धत विकसित केली. तिच्या साहाय्याने ६ फेब्रुवारी २००९ रोजी 'समरूपा' ही म्हशीची पारडी जन्मली. ती काही दिवसांतच दगावली. त्याच वर्षी 'गरिमा' जन्मली. २०१० मध्ये जन्मलेल्या 'गरिमा-२' ने जानेवारी २०१३ मध्ये नैसर्गिक रीतीने 'महिमा' या पारडीस जन्म दिला. १६ मार्च २०२३ रोजी तेथेच 'गंगा' ही गीर जातीची क्लोन कालवड जन्मली.

मर्यादा व धोके

सर्व झाडे जनुकीयदृष्ट्या सारखी असली की एक रोग साऱ्या बागेस पुरतो. 'ग्रो मिशेल' या केळीच्या जातीची निर्यात-शेती विसाव्या शतकाच्या मध्यास पनामा मर रोगाने अशीच उद्ध्वस्त झाली. मातृवृक्षात कुकुंबर मोझॅकसारखा विषाणू असल्यास तो हजारो रोपांत पोहोचतो. म्हणून मातृवृक्ष व रोपे यांची विषाणूचाचणी आवश्यक ठरते. भारत सरकारने २००६ मध्ये ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली. रोपे विकत घेताना शेतकऱ्याने प्रमाणपत्र पाहणे यासाठीच महत्त्वाचे आहे.

क्लोन कायम तसाच राहतो असेही नाही. थॉम्पसन सीडलेस या द्राक्षजातीच्या वेलींवर आपोआप झालेल्या बदलांतून 'तास-ए-गणेश' व 'सोनाका' या जाती महाराष्ट्रातील बागायतदारांनी निवडल्या.

प्राण्यांच्या क्लोनिंगमध्ये गर्भपात, जन्मतः व्यंग व अल्पायुष्य यांचे प्रमाण अधिक असते. या धोक्यांमुळे आणि नैतिक आक्षेपांमुळे मानवाचे प्रजननात्मक क्लोनिंग भारतातील मूलपेशी संशोधनाच्या २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे.