नॉटपेड पत्रांचे पुनरागमन

‘अनाहूत’ म्हणजे न बोलावता आलेला. आपल्या परंपरेने अनाहूताला सरसकट वाईट ठरवलेले नाही. तिथी न कळवता येतो तो अतिथी, अशी त्या शब्दाची पारंपरिक फोड केली जाते, आणि त्याला दारातून विन्मुख पाठवू नये असा संस्कार सांगितला जातो. या संस्कारामागे मात्र एक अलिखित हिशेब होता. अतिथी स्वतःच्या पायांनी चालत येई. चालण्याचे कष्ट त्याचे, भाकरी यजमानाची. एकाच क्षणी लाखभर दारांत उभा राहणारा अतिथी कोणत्याही स्मृतिकाराच्या कल्पनेत नव्हता. आज ज्याला आपण ‘स्पॅम’ म्हणतो त्यावर त्रागा पुष्कळ होतो, त्याचा इतिहास मात्र क्वचितच पाहिला जातो. तो पाहायचा तर एक प्रश्न हाती धरून चालावे लागते: संदेश पोचवण्याचा खर्च कोणी सोसायचा?

हिंदुस्थानातील टपालव्यवस्थेने या प्रश्नाचे निश्चित उत्तर १८५४ साली दिले. तोपर्यंत टपालहशील अंतराप्रमाणे बदलत असे आणि ते पुष्कळदा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. नव्या कायद्याने पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा असा एकच दर ठरवला आणि तिकीट लावून पैसे आधी भरण्याची पद्धत रूढ केली. तिकिटाविना टाकलेले पत्र पोचवले जाई, पण घेणाऱ्याला दुप्पट भुर्दंड पडे. तेच ‘नॉटपेड’ पत्र. अर्धा आणा ही लहान रक्कम खरी; परंतु ती दर पत्रामागे मोजावी लागे. त्यामुळे आपले लिहिणे समोरच्याला हवे असेल काय, याचा विचार लिहिणाऱ्यालाच करावा लागे. तिकीट हे केवळ सरकारी उत्पन्नाचे साधन नव्हते. बोलणाऱ्याच्या तोंडावरचा तो एक सौम्य लगाम होता.

१ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि हा लगाम सैल झाला. पुढे याच कार्डांवरून साखळीपत्रे फिरली. आमच्या पिढीने शाळकरी वयात ती पाहिली आहेत. अमुक ठिकाणी देवीने दृष्टान्त दिला आहे; या मजकुराच्या इतक्या प्रती काढून वाटा; वाटणाऱ्याचे भले झाले, फाडणाऱ्याचा घात झाला. या पत्रांची रचना मोठी चतुर होती. मूळ लेखक कोण ते कळत नसे आणि प्रसाराचा खर्च मात्र भ्यालेल्या वाचकांत वाटला जाई. तरीही त्यांना मर्यादा होती. एकवीस कार्डे हाताने लिहिताना बोटे दुखत. कार्डांचे पैसे घरातूनच मागावे लागत. अनेक साखळ्या श्रद्धेच्या अभावी नव्हे, तर कंटाळ्यापोटी तुटल्या असाव्यात.

तारेची कथा याहून जुनी आहे. १८६४ च्या मे महिन्यात लंडनमधील काही राजकारणी मंडळींच्या घरी रात्री तार आली. त्या काळी अवेळी आलेली तार म्हणजे आजारपण, मृत्यू किंवा युद्ध. ही तार एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वेळा कळवणारी होती. चिडलेल्या एका गृहस्थाने वर्तमानपत्राला पत्र लिहून दाद मागितली. या तक्रारीतले मर्म आजही टिकून आहे. जाहिरात वाचण्यात गेलेला वेळ ही गौण हानी. खरी हानी अशी, की त्यानंतर दारावर थाप पडली तरी काळजात धस्स व्हायचे की दुर्लक्ष करायचे, हेच कळेनासे होते. मात्र तार शब्दागणिक पैसे मागत असे, म्हणून दंतवैद्यांचा सुळसुळाट झाला नाही.

संगणकाने नेमकी हीच आडकाठी काढली. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क या विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना पाठवली. हा पहिला स्पॅम मानला जातो. एप्रिल १९९४ मध्ये एका वकील दांपत्याने ‘ग्रीन कार्ड’ सोडतीची जाहिरात यूजनेटवरील हजारो चर्चागटांत एकाच वेळी लावली आणि या धंद्याला व्यापारी रूप आले. नाव मात्र उपरोधातून पडले. ‘स्पॅम’ हे १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचे नाव. ‘माँटी पायथन’च्या १९७० च्या प्रहसनातील खानावळीत जवळजवळ प्रत्येक पदार्थात ते असते आणि त्याच्या गजरात बाकीचे बोलणे बुडून जाते. बोलणे बुडून जाणे, हाच या शब्दाचा गाभा.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. टेलिफोनच्या तारेवरून चालणारी ती जोडणी वेळेच्या हिशेबाने पैसे घेई. सोलापूरसारख्या शहरात तर अनेकांची पहिली ओळख तासावर पैसे मोजाव्या लागणाऱ्या सायबर कॅफेतच झाली. परदेशी लॉटरीचे आणि वारसाहक्काचे ई-मेल उघडण्यात आणि पुसण्यात जाणारी मिनिटे वाचणाऱ्याच्या खिशातून जात. १८५४ साली हद्दपार केलेले नॉटपेड पत्र दीडशे वर्षांनी परत आले होते. फरक इतकाच, की आता ते दारातून परत करण्याची सोय नव्हती.

या दुखण्यावर सुचवलेला एक उपाय टपालाच्याच तर्काचा होता. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्ये, आणि ॲडम बॅक यांनी १९९७ मध्ये, प्रत्येक ई-मेलमागे पाठवणाऱ्याच्या संगणकाने एक लहानसे गणित सोडवावे अशी कल्पना मांडली. एका पत्राला हा खर्च नगण्य, लाखो पत्रांना भारी. ई-मेलमध्ये ही ‘तिकिटे’ रुजली नाहीत. पुढे तोच विचार बिटकॉइनच्या रचनेत उपयोगी पडला. दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल, असे भाकीत बिल गेट्स यांनी २००४ मध्ये केले होते. ते फसले, हे सांगायला नको.

भारतात हा प्रश्न मोबाइलवर अधिक तीव्र झाला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ मध्ये ‘डू नॉट कॉल’ नोंदवहीची व्यवस्था आणली. सप्टेंबर २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली. २०१२ मध्ये शंभरापुढच्या प्रत्येक एसएमएसला किमान पन्नास पैसे आकारण्याचा नियम केला. तो २०२० मध्ये उठला. पन्नास पैसे म्हणजे योगायोगाने पोस्टकार्डाचीच किंमत. १९०९ या क्रमांकाच्या आणि २०१८ च्या नव्या नियमांच्या रूपाने हा प्रयत्न पुढेही चालू राहिला.

ई-मेलबाबत मात्र कायद्याने विचित्र वळण घेतले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या ‘६६ अ’ या कलमात, त्रास देण्यासाठी वा मूळ पाठवणारा लपवण्यासाठी केलेल्या ई-मेलला शिक्षा सांगणारे एक उपकलम होते. त्याच्या शेजारी मात्र ‘अतिशय आक्षेपार्ह’ अशा संदिग्ध शब्दांची उपकलमे होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना या कलमाचा फटका बसला. एकीने बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडले होते. दुसरीने त्याला पसंती दिली होती. दोघींनाही अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरवले, आणि ते योग्यच झाले. त्याबरोबर ई-मेलसंबंधीचे ते उपकलमही गेले. उपद्रव मोजायचा तो आवाजाच्या संख्येने की मताच्या आशयाने, हा भेद कायदा लिहिणाऱ्यांनी केला नाही, म्हणून उपद्रवी सुटले आणि बोलणाऱ्या सापडल्या.

यापुढची घटना सोलापूर जिल्ह्याला विसरता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्यांचा लेखक कोण, हे साखळीपत्रांप्रमाणेच कोणाला ठाऊक नव्हते. आणि ती पुढे ढकलताना कोणाची बोटेही दुखली नव्हती. भिक्षेसाठी गावोगाव पायी हिंडणारी ही माणसे म्हणजे आपल्या परंपरेतले खरेखुरे अनाहूत होते. न बोलावता आलेल्या संदेशांवर गावाने विश्वास ठेवला आणि न बोलावता आलेल्या माणसांना मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. नाव काहीही द्या, ते तिकीटच होते. फक्त पैशांऐवजी कष्टांचे. ते लावायला उशीर झाला होता.

म्हणून स्पॅमला निव्वळ कटकट समजणे आम्हाला पुरेसे वाटत नाही. २०२२ मध्ये आज रात्री वीज तोडली जाईल अशी धमकी देणारे खोटे संदेश राज्यभर फिरले, तेव्हा त्यांना बळी पडू नका असे आवाहन महावितरणला करावे लागले. अशा भडिमारात दोन प्रकारची माणसे घडतात: प्रत्येक संदेशाला भिणारी, आणि कोणताच संदेश न वाचणारी. दुसऱ्या प्रकारचे विद्यार्थी आमच्या वर्गात दरवर्षी दिसतात. जाहिरातींच्या ढिगात शिष्यवृत्तीच्या मुदतीचा संदेश गाडला जातो आणि वर्षाचे पैसे बुडतात. त्यांना निष्काळजी म्हणणे सोपे आहे. पण दिवसभर खोटी थाप ऐकणाऱ्याने खरी थाप ओळखावी तरी कशी? शहाणपणाची सगळी जबाबदारी वाचणाऱ्यावर टाकणारी व्यवस्था ही नॉटपेड पत्राचीच व्यवस्था आहे. भुर्दंड त्याच्याकडूनच वसूल होतो. १८५४ चा अर्धा आणा परत आणता येणार नाही. त्यामागचा न्याय मात्र परत आणता येईल. बोलणाऱ्याने आधी काहीतरी मोजावे, मग दार ठोठवावे.