कात्रज ते शनिवारवाडा : सायकलच्या चाकाखालून वाहिलेले पाणी

१/९
कात्रजहून शनिवारवाड्याकडे सायकलने निघालेल्या माणसाला एक गोष्ट लवकरच जाणवते : पायडलला फारसा जोर लागत नाही. रस्ता नदीच्या दिशेने उतरत जातो. मोटारीत बसलेल्यास न कळणाऱ्या याच उतारावर पेशवेकालीन पुण्याची तहान भागली.

२/९
१७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या ओढ्यावर बांध घालून तलाव निर्माण केला. तेथून शहरापर्यंत दगडी बांधणीचा भुयारी नळ आणला. माणसाला आत उतरून साफसफाई करता यावी, इतका तो ऐसपैस होता. पाणी वाहून नेणारी शक्ती एकच : जमिनीचा उतार.

३/९
सातारा रस्त्यालगतच्या दाट वस्तीत, इमारतींच्या मध्येच एखादा जुना दगडी मनोरा अचानक समोर येतो. ते ना देऊळ, ना थडगे. तो नळाचा ‘उच्छ्वास’ होय. बंद नळात कोंडलेली हवा पाण्याला अडवते. ती बाहेर पडावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी असे उच्छ्वास उभारले गेले.

४/९
स्वारगेट ओलांडून डावीकडे वळले की सारसबाग लागते. येथील गणपतीस पुणेकर ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात; भोवती मात्र हिरवळ आहे. पर्वतीच्या पायथ्याचा पेशवेकालीन तलाव पुढे बुजवला गेला आणि त्या जागी बाग झाली. तळे गेले, नाव राहिले.

५/९
पेठांतही तेच घडले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे आज पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत. एके काळी मात्र घरोघरच्या घागरी अशाच सार्वजनिक हौदांवर भरत असत.

६/९
‘सार्वजनिक’ हा शब्द येथे जपून वाचावा लागतो. अस्पृश्य मानलेल्या माणसांना सवर्णांच्या हौदाला हात लावण्याची मुभा नव्हती. उतारावरून वाहताना पाणी जात विचारत नव्हते; हौदाशी उभा असलेला समाज ती विचारत होता.

७/९
म्हणून सायकल गंज पेठेकडे, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेकडे, वळवणे आवश्यक ठरते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तो वाडा आज स्मारक आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर ५९ वर्षांनी, १९२७ मध्ये झाला.

८/९
वाटेचा शेवट शनिवारवाड्यापाशी. १८२८ च्या आगीत आतले महाल भस्मसात झाले. आज जोती आणि तटबंदी शिल्लक आहे. त्या जोत्यांमध्ये हजारी कारंज्याचे कमळ अजून दिसते. कोणत्याही यंत्राविना, उंचावरून आलेल्या पाण्याच्या दाबावर त्याच्या धारा उडत असत.

९/९
एकाच शहरात पाण्याने राजवाड्यातले कारंजे थुईथुई नाचवले आणि त्याच शहरात घोटभर पाण्यासाठी माणसे हौदापासून दूर उभी राहिली. पुण्याच्या जलव्यवस्थेचा इतिहास लिहिताना नानासाहेबांच्या नळाशेजारी जोतीरावांचा हौद मांडला, तरच तो पूर्ण होतो. पहिल्याने पाणी शहरापर्यंत आणले. दुसऱ्याने ते माणसापर्यंत पोहोचवले.