हालेचं फडताळ आणि चिंचणीचं ताम्रपत्र

प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन. इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्याच्या हे तीन शब्द इतके अंगवळणी पडतात की काळ जन्मतःच तीन तुकड्यांत आला असावा, असं त्याला वाटू लागतं. ग्रीस-रोम प्राचीन, पोप, सरदार आणि धर्मयुद्धं मध्ययुगीन, कोलंबसापासून पुढचं सगळं अर्वाचीन. चिंचणीच्या पी. एल. श्रॉफ महाविद्यालयापासून फोर्टमधल्या एल्फिन्स्टनपर्यंत मुलं याच तीन कप्प्यांच्या फडताळात पुस्तकं रचतात. हे फडताळ कोणी केलं, कोणासाठी केलं आणि ते पालघरच्या किनाऱ्यापर्यंत कसं आलं, याची कुळी शोधायला गेलं की आधी जर्मनीतल्या हाले गावी जावं लागतं.

करणाऱ्याचं नाव क्रिस्टोफ केलर, जन्म १६३८. त्या काळच्या जर्मन पंडितांच्या रिवाजाप्रमाणे त्याने आडनावाला लॅटिन अंगरखा चढवला आणि तो सेलारियस झाला. वायमार, झाइट्स, मेर्झेबुर्ग इथल्या लॅटिन शाळा त्याने चालवल्या, आणि हालेला नवं विद्यापीठ निघालं तेव्हा तिथे तो वक्तृत्व आणि इतिहास शिकवू लागला. शाळेच्या वर्गासाठी त्याने लॅटिनमध्ये तीन आटोपशीर पुस्तकं लिहिली. १६८५ साली प्राचीन इतिहास, १६८८ साली मधल्या युगाचा, १६९६ साली नव्या युगाचा. पहिलं पुस्तक सम्राट कॉन्स्टंटाइनपाशी थांबतं, दुसरं तुर्कांनी १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल घेतलं तिथे, आणि उरलेलं तिसऱ्यात. क्रमिक पुस्तकांच्या या संचाने जगाचा काळ कापला.

त्याआधी युरोपातली मुलं इतिहास शिकत ती बायबलातल्या दानिएलाच्या आधाराने. स्वप्नात दिसलेला पुतळा, त्याचं डोकं सोन्याचं, छाती चांदीची, पोट पितळेचं, पाय लोखंडाचे. त्याचा अर्थ चार महाराज्यं. स्लायडानसचं १५५६ सालचं क्रमिक पुस्तक याच चार राज्यांवर उभं होतं, आणि ते प्रॉटेस्टंट विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या चाललं. कृत-त्रेता-द्वापर-कलीवर वाढलेल्या आपल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, धातू उतरत जातो तसा काळही. पण त्या मांडणीत एक अडचण होती. चौथं राज्य रोमचं, आणि ते संपलं की जग संपायचं. जग तर संपत नव्हतं. म्हणून जर्मन सम्राटालाच रोमन सम्राट म्हणत राहायचं, म्हणजे भविष्यवाणी खोटी पडत नाही.

सेलारियसने ही कसरत सोडून दिली, हे त्याचं श्रेय. मधल्या युगाची कल्पना मात्र त्याची नव्हे. ती चौदाव्या शतकातल्या पेट्रार्कपासून चालत आलेली. इटलीतल्या त्या विद्वानांना सिसेरोच्या लॅटिनचं वेड होतं. सिसेरोचं लॅटिन शुद्ध, मधल्या हजार वर्षांच्या मठवाल्यांचं गबाळं, आणि आपण पुन्हा शुद्ध लिहू लागलो, असा त्यांचा हिशेब. मध्ययुग हे मुळात भाषेच्या मास्तरांनी नापास केलेलं युग आहे. पुढे त्याला राजकारण, धर्म, अर्थव्यवस्था अशी भारदस्त कारणं चिकटवली गेली, पण पहिला शेरा व्याकरणाचाच होता.

विद्यापीठांत हा विषय रुजायला वेळ लागला. ऑक्सफर्डला विल्यम कॅम्डेनने १६२२ साली अध्यासन दिलं ते प्राचीन इतिहासाचं. अर्वाचीन इतिहास शिकवण्याजोगा आहे, हे पटायला आणखी शंभर वर्षं गेली. १७२४ साली पहिल्या जॉर्ज राजाने ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला अर्वाचीन इतिहासाचं एकेक अध्यासन काढलं. हेतू अगदी व्यवहारी होता, परदेशी वकिलातींत पाठवायला भाषा येणारी पोरं हवी होती. केंब्रिजच्या अध्यासनावर १७६८ साली कवी थॉमस ग्रे बसला आणि १७७१ मध्ये मरेपर्यंत त्याने एकही व्याख्यान दिलं नाही. (आपल्याकडे असे प्राध्यापक नंतर निघाले, असा समज असेल तर तो सोडावा.) इतिहासाला खरी शिस्त लागली ती पुढच्या शतकात बर्लिनला. लिओपोल्ड रांके विद्यार्थ्यांना घेऊन मूळ कागदपत्रं पारखायला बसू लागला तेव्हा. पण रांकेनेही फडताळ तेच ठेवलं, आत ठेवायचं सामान तेवढं तपासून घेतलं.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी कायद्याने स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. ते स्वतः शिकवत नसे, परीक्षा घेई. शिकवायचं एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांनी. परिणाम असा झाला की इथे इतिहास आला तो प्रश्नपत्रिकेचं रूप घेऊनच. काय वाचायचं हे काय विचारलं जाईल यावर ठरू लागलं आणि पेपरांची कुंपणं विचारांचीही कुंपणं झाली. माझ्या मते फडताळापेक्षा जास्त नुकसान या एका सवयीने केलं.

त्यात हिंदुस्थानासाठी वेगळं फडताळ आधीच तयार होतं. जेम्स मिलने १८१७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास छापला. हा गृहस्थ इकडे कधी आलाच नाही. त्याने हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश असे कप्पे पाडले. ज्याच्या नावाने कॉलेज निघालं त्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने इकडे आयुष्य घालवलं होतं, मिलशी त्याचं पटतही नव्हतं. तरी १८४१ च्या त्याच्या ग्रंथातही हिंदू आणि मुसलमानी हीच विभागणी राहिली. पुढे धर्माची नावं खरवडून तिथे प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन अशा चिठ्ठ्या लागल्या. रेघा मात्र साधारण जागच्या जागी राहिल्या.

१८६२ साली या विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढे रानड्यांनी एल्फिन्स्टनमध्ये इतिहास शिकवलाही. युरोपचा इतिहास घोकून हे लोक थांबले नाहीत, त्यांनी तो वापरायला काढला. १९०० साली आलेल्या मराठ्यांच्या उदयावरच्या ग्रंथात रानडे ज्ञानदेव-तुकारामांची चळवळ सोळाव्या शतकातल्या युरोपीय धर्मसुधारणेशेजारी ठेवतात. तुलना ताणलेली आहे, आणि इतिहाससंशोधक राजवाड्यांसारख्यांनी संतांच्या कामगिरीचा हिशेब अगदी वेगळा मांडला. पण युरोपचा आरसा समोर धरल्याशिवाय आपला चेहरा दिसत नाही, ही त्या पिढीची गरज होती. त्याच राजवाड्यांनी ‘भाषांतर’ मासिकात प्लेटो मराठीत आणला आणि त्याआधी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सॉक्रेटिसाचं चरित्र लिहिलं, ते उगाच नव्हे. गोविंद सखाराम सरदेसायांनी बडोद्याच्या राजपुत्रांना शिकवता शिकवता रियासती लिहिल्या, त्यांची नावं पाहा: मुसलमानी रियासत, मराठी रियासत, ब्रिटिश रियासत. मिलची शिडी तीच, फक्त मधे एक पायरी आपली ठोकून दिलेली.

या कुळकथेची एक फांदी अमेरिकेत जाते. ‘पाश्चात्त्य संस्कृती’ प्राचीन काळापासून आजपर्यंत एका सलग कथेत शिकवायची, हा विद्यापीठीय प्रकार युरोपातला नसून मुख्यतः अमेरिकेतला आहे. पहिल्या महायुद्धात सैनिक-विद्यार्थ्यांना आपण कशासाठी लढतो हे सांगायला तिथल्या कॉलेजांनी वर्ग काढले होते; त्यातून कोलंबिया विद्यापीठात १९१९ साली समकालीन संस्कृतीवरचा सक्तीचा अभ्यासक्रम उभा राहिला. त्यामागे जेम्स हार्वे रॉबिन्सन या प्राध्यापकाच्या शिकवणीचा प्रभाव होता. राजे आणि लढाया पुरे, माणसं विचार कसा करत आली ते शिकवा, हे त्याचं म्हणणं. आणि याच रॉबिन्सनच्या कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात भीमराव आंबेडकर शिकत होते. अर्थशास्त्राखालोखाल त्यांनी इतिहासाचे अभ्यासक्रम केले आणि आपल्या थोर शिक्षकांत पुढे रॉबिन्सन व शॉटवेल या दोन इतिहासकारांची नावं घेतली. १९१५ च्या त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन भारतीय व्यापार. पण त्यातलं एक प्रकरण मध्ययुगात शिरून इस्लामचा उदय आणि पश्चिम युरोपचा विस्तार यांच्याशी हिंदुस्थानच्या व्यापाराची सांगड घालतं. मालाने भरलेलं गलबत कप्पे पाळत नाही, हे व्यापाराचा इतिहास लिहू लागलेल्या माणसाला टाळता येत नाही.

तो प्रबंध लिहिला गेला तेव्हा चिंचणीचा पुरावा जमिनीखालीच होता. १९५५ साली तो वर आला. नऊ ताम्रपत्रं, त्यांवर पाच लेख. दिनेशचंद्र सरकारांनी ते वाचून एपिग्राफिया इंडिकाच्या ३२ व्या खंडात छापले. त्यातला पहिला राष्ट्रकूट इंद्र तिसऱ्याच्या वेळचा, शके ८४८ चा, म्हणजे सन ९२६. त्यात जे लिहिलंय ते पाठ्यपुस्तकाच्या एकाही प्रकरणात नीट बसत नाही.

संयान मंडलावर, म्हणजे आजच्या संजाण भागावर, राष्ट्रकूट कृष्ण दुसऱ्याने नेमलेला अधिकारी होता मधुमती, तज्जिक कुळातला. तज्जिक म्हणजे अरब, आणि मधुमती म्हणजे संस्कृतात न्हाऊन निघालेला मुहम्मद. त्याने किनाऱ्यावरची बंदरं ताब्यात घेऊन तिथे आपली माणसं बसवली, दोन प्रवाहांवर नावा चालू केल्या आणि संजाणला एक अन्नछत्र उघडलं, जिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. त्याचा मंत्री पुव्वय्य. पुव्वय्याचा मित्र अन्नय्य नावाचा ब्राह्मण. त्याने संजाणला देवी भगवतीची मठिका बांधली. तिच्या नैवेद्यासाठी आणि तिथल्या नऊ जणांच्या जेवणासाठी या मुसलमान अधिकाऱ्याने मान्यखेटच्या राष्ट्रकूट राजाच्या संमतीने एक गाव आणि थोडी जमीन दान दिली. संस्कृतात, ताम्रपटाचे सगळे उपचार पाळून.

त्याच सुमाराला, ९१० साली, फ्रान्समध्ये अक्विटेनच्या विल्यम ड्यूकने क्लूनीला मठ काढण्यासाठी जमीन दिली. क्लूनी प्रत्येक मध्ययुगीन युरोपच्या पेपरात असते. राजसत्तेच्या कडेला बसलेला सरदार, पुण्य, जमीन, मठात जेवणारी माणसं. सोळा वर्षांच्या अंतराने इथेही अगदी तेच घडतं आहे. एक मध्ययुगीन. दुसरं आपल्या अभ्यासक्रमात प्राचीन, कारण इथे प्राचीन काळ बहुधा सन १००० ला संपवतात. ती रेघ ओढली जाते गझनीच्या महमुदाच्या स्वाऱ्यांपाशी. सोमनाथ फुटलं १०२६ मध्ये, मधुमतीच्या ताम्रपत्रानंतर बरोबर शंभर वर्षांनी. ‘मुसलमानी कालखंड’ सुरू व्हायच्या शतकभर आधी इथे मुसलमान अधिकारी ब्राह्मणाच्या मठाला दान देत होता. शिवाय तो एकटा नव्हता. अरब प्रवासी अल मसूदी ९१६ च्या सुमाराला चौलला आला तेव्हा त्याला तिथे दहा हजार मुसलमान दिसले.

बाकीचे चार लेखही त्याच भगवतीच्या मठिकेभोवती फिरतात. कृष्ण तिसऱ्याच्या वेळच्या लेखात शेजाऱ्यांचं भांडण आहे: भिनमाळच्या व्यापाऱ्यांनी बांधलेलं देऊळ मठाच्या जागेत सरकलं होतं, आणि तंटा वार्षिक भाड्यावर मिटला. शके ९५६, म्हणजे १०३४ च्या लेखात शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज मठाला तेलाचा घाणा देतो, देवीच्या दिव्यासाठी आणि विद्वानांच्या पायांना चोळायला. तेव्हा हजर असलेल्या नगरजनांत अल्लिय आणि मधुमत ही नावं आहेत, पारशांची अंजुमनही आहे. शेवटचे दोन लेख शके ९६९ आणि ९७५ चे. देवी तीच, मठ तोच, गावकरीही त्याच मिश्र जातकुळीचे. पण पहिले दोन लेख एका पेपरात आणि उरलेले तीन दुसऱ्यात. जमिनीत ते एकत्र सापडले, विद्यापीठात त्यांची ताटातूट झाली.

म्हणून कप्पे मोडून टाकावेत, असं मी म्हणणार नाही. चार हजार वर्षं शिकवायची तर कुठेतरी थांबावं लागतंच, आणि सेलारियसचा थांबा दानिएलाच्या पुतळ्यापेक्षा बरा. माझी तक्रार एवढीच की कप्पा कोणाच्या सोयीने पाडला ते मुलांना सांगत नाहीत. सांगितलं तर पहिल्याच वर्षी ती चांगली भांडतील.

अर्वाचीन कप्प्यासाठी तर चिंचणीच्या मुलांना वेगळं काही करायला नको, तो घराच्या दारात आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे हा सगळा पट्टा लिस्बनच्या हिशेबात जमा झाला. खाडीपलीकडचा तारापूरचा किल्ला चिमाजीअप्पांच्या सैन्याने जानेवारी १७३९ मध्ये घेतला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. समकालीन जगाच्या पेपरात शीतयुद्ध असतं. तेही इथे नांदून गेलं. १९६३ च्या भारत-अमेरिका करारानुसार जनरल इलेक्ट्रिकने तारापूरला दोन अणुभट्ट्या उभारल्या, १९६९ मध्ये त्या चालू झाल्या, आणि त्यांचं समृद्ध युरेनियम अमेरिकेनेच पुरवायचं होतं. १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला. १९७८ मध्ये कार्टरच्या कारकिर्दीत अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा आला आणि इंधन अडलं. १९८२ मध्ये तोडगा निघाला तो फ्रान्सने पुरवठा करायचा, असा. वॉशिंग्टन, दिल्ली आणि पॅरिस यांच्यात जे कित्येक वर्षं चाललं होतं, त्याची झळ ज्या गावांना लागत होती त्यांत चिंचणी होती, दांडी होती, आणि अक्करपट्टी-पोफरण होती. पुढे प्रकल्प वाढला तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरणकरांना घरंच हलवावी लागली. शीतयुद्धावरच्या दहा गुणांच्या प्रश्नात क्यूबा येतं, बर्लिनची भिंत येते. तारापूर आणून उत्तर लिहिणाऱ्या मुलाला परीक्षक किती गुण देईल, ते अर्थात त्याच्यापुढच्या उत्तरसूचीवर अवलंबून आहे.